वापरातून गेलेले महामार्ग, अंधारे बोगदे आणि जिओकॅशिंग : डबी नेमकी ठेवायची कुठे?

वळणवाट (धागालेखिका)

गेली सहा वर्षे मी जिओकॅशिंग करते, म्हणजे इतरांनी लपवलेल्या डब्या जाहीर केलेल्या अक्षांश-रेखांशांवरून शोधत आले. आता पहिल्यांदाच स्वतःची एक मालिका मांडायला घेतली आहे आणि तिच्या शेवटच्या टप्प्यावर येऊन अडले आहे. प्रश्न कळण्यासाठी जागेचे वर्णन करणे भाग असल्याने सुरुवात थोडी लांबेल, त्याबद्दल क्षमस्व.

डोंगराच्या कडेने गेलेला हा एक जुना महामार्ग आहे. नवा, सरळ रस्ता झाल्यावर याच्यावरची वाहतूक बंद झाली आणि सुमारे चार किलोमीटरचा तुकडा तसाच पडून राहिला. मधली पांढरी रेघ अजून दिसते, परंतु तिच्या भेगांतून मनगटाएवढ्या जाडीची झुडपे वर आली आहेत. एका वळणावर वेगमर्यादेची पाटी शेजारच्या झाडाच्या सालीने अर्धी गिळून टाकली आहे. पाटीवरचा ‘४’ झाडात गेला असून बाहेर फक्त शून्य उरले आहे. या तुकड्याच्या शेवटी साडेतीनशे मीटर लांबीचा, दोन्ही तोंडे उघडी असलेला बोगदा आहे. ज्या खात्याच्या ताब्यात ही जमीन आहे, त्याची लेखी परवानगी माझ्यापाशी आहे आणि तीत बोगद्याचाही उल्लेख आहे.

मालिका बहुटप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यावर मोरीच्या कठड्यावरचा क्रमांक वाचायचा, दुसऱ्यावर त्या पाटीच्या खांबाचे बोल्ट मोजायचे, तिसऱ्यावर बोगद्याच्या कमानीतील कळीच्या दगडावर कोरलेले साल वाचायचे आणि या अंकांतून शेवटचे अक्षांश-रेखांश काढायचे, अशी योजना आहे. शेवटची डबी बोगद्यातल्या एका कोनाड्यात ठेवावी, असे मनात होते. माणसाला अंग चोरून उभे राहता येईल एवढे हे कोनाडे दोन्ही भिंतींत ठरावीक अंतरावर आहेत.

अडचण पहिली : बोगद्यात शिरून वीस पावले गेले की उपग्रह दिसेनासे होतात. फोन मात्र हे कबूल करत नाही. तो शेवटचे ठाऊक असलेले स्थान धरून बसतो किंवा अंदाजाने ठिपका पुढे ढकलत राहतो, आणि अशा अंदाजाने त्याने मला एकदा डोंगरमाथ्यावर व एकदा दरीत नेऊन उभे केले आहे. आत सोडाच, अगदी तोंडाशी तीन वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या नोंदींतही वीस-बावीस मीटरांचा फरक पडला. आपण मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत अंक लिहितो आणि अक्षांशात तो हजारावा भाग सुमारे १.८५ मीटरचा असतो. म्हणजे माझ्या नोंदीतले शेवटचे दोन अंक निव्वळ शोभेचे आहेत.

अडचण दुसरी, आणि खरी : डबी आत ठेवावीच का? याबद्दल अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

पायरीचादगड

धाग्याच्या विषयाला फाटा फुटत असेल तर माफ करावे, परंतु मी या छंदात अगदी नवा आहे. शीर्षकात ‘कॅश’ वाचून रोकड दडवण्याबद्दल काही आहे की काय, असे वाटले होते. हा प्रकार सुरू कधी झाला?

वळणवाट

ही ‘कॅश’ म्हणजे रोकड नव्हे, दडवून ठेवलेला साठा. मे २००० च्या अगदी आरंभी अमेरिकेच्या सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातली जाणारी चूक बंद केली, आणि तोवर शंभर मीटरपर्यंत हुकणारी यंत्रे रातोरात दहा-वीस मीटरांवर आली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ही अचूकता तपासण्यासाठी ऑरेगन राज्यात एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ती सर्वांआधी माइक टीग यांनी शोधली. तेव्हापासून नियम तोच आहे : डबी शोधावी, आतल्या वहीत नाव-तारीख लिहावी आणि होती तशी परत ठेवावी.

चेनेज शून्य

माझी नोकरीची तीस वर्षे रस्ते आणि बोगदे यांच्या देखभालीत गेली. डब्या शोधण्याचा नाद निवृत्तीनंतर लागला, त्यामुळे दोन्ही बाजूंनी लिहितो.

धागालेखिकेच्या पहिल्या अडचणीत एक गोष्ट दडलेली आहे, जी तिला कदाचित जाणवलेली नाही. अचूक नोंद मिळावी म्हणून माणूस बोगद्याच्या तोंडाशी, कमानीखाली, फोनकडे डोळे लावून दहा-पंधरा मिनिटे उभा राहतो. बोगद्याच्या खोल भागात तापमान वर्षभर बरेचसे स्थिर असते, त्यामुळे तिथले अस्तर तुलनेने सावकाश खराब होते. तोंडाजवळच्या काही मीटरांत मात्र ऊन, पाऊस आणि थंड प्रदेशांत गोठणे-वितळणे यांचा मारा चालू असतो. काँक्रीटच्या भेगेत शिरलेले पाणी गोठले की फुगते आणि भेग रुंदावते. शिवाय वरच्या उतारावरचे सुटे दगड घरंगळून येतात ते नेमके तोंडासमोरच पडतात. ज्या जागी आपण सर्वांत जास्त वेळ थांबतो ती संपूर्ण बोगद्यातली सर्वांत वाईट जागा असते. नोंद घ्यायची असल्यास उतारापासून दूर, उघड्या रस्त्यावर घ्यावी आणि तिथून तोंडापर्यंतचे अंतर फितीने मोजून, दिशा कंपासाने धरून हिशेब करावा. कंपासही लोखंडी कठड्यापासून आणि सळ्या असलेल्या काँक्रीटपासून लांब धरावा, नाहीतर सुई भलतीकडेच बोट दाखवते.

तोंडाशी नोंदी हुकतात याचे कारणही सांगून ठेवतो. दोन्ही बाजूंना खिंडीच्या भिंती असल्याने अर्धे आकाश झाकलेले असते; उरलेल्या अर्ध्यातून येणारे संदेशही काही वेळा भिंतीवर आपटून, लांबचा वळसा घेऊन यंत्रापर्यंत पोहोचतात. यंत्र त्या वळशाचे अंतर खरे मानते. उपग्रह सतत सरकत असल्याने वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रहरी नोंदी घेऊन सरासरी काढली तर चूक बरीच कमी होते. एकाच वेळी लागोपाठ शंभर नोंदी घेऊन तेवढा फायदा होत नाही, कारण त्या शंभरही एकाच बाजूला हुकलेल्या असतात.

अस्तराबद्दल थोडे. काँक्रीटमधली सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा लागते आणि तो वरचा पापुद्रा आतून ढकलून सोडवतो. वरून भिंत धड दिसते. हातोडीने हलकेच ठोकून पाहिले की चांगल्या भागातून खणखणीत आवाज येतो आणि सुटलेल्या भागातून बद्द. हे काम जाणकाराचे आहे, वाचून कोणी छताखाली उभे राहून ठोकत बसू नये. एवढेच सांगायचे आहे की कोनाड्याच्या कमानीचा वरचा कंगोरा हा असा पापुद्रा सुटण्याची ठरलेली जागा आहे, आणि डबी शोधणारा माणूस आपले डोके नेमके त्याच कंगोऱ्याखाली घालतो.

शेवटी एक तक्रार, जी या धाग्याच्या निमित्ताने करून टाकतो. महामार्गाच्या आधारभिंतीत ठरावीक अंतरावर हाताच्या मुठीएवढी भोके असतात. आम्ही त्यांना वीप होल म्हणतो. भिंतीमागच्या मातीत साठणारे पाणी त्यांतून बाहेर पडते. गेल्या वर्षी एका जुन्या रस्त्यावर मी अशा भोकात बोळ्यासारखी कोंबलेली प्लास्टिकची डबी शोधली, आणि ती ओढून काढताच मागून गढूळ पाण्याची चूळ माझ्या बाहीत आली. भिंतीमागे अडलेले पाणी मातीच्या वजनात आपले वजन मिळवून भिंत पुढे लोटते. अशी भोके कृपया बुजवू नयेत, मग ती ‘कठीणता ४’ साठी कितीही आकर्षक वाटोत.

काळोखप्रेमी

चेनेज शून्य यांचा अनुभव मोठा आहे हे मान्य करूनही मतभेद नोंदवतो. जो धोका पत्करायचा नाही त्याने बागेतल्या बाकाखालच्या डब्या शोधाव्यात. या छंदात कठीणता (डबी शोधणे किती अवघड) आणि भूभाग (तिथवर पोहोचणे किती अवघड) अशा दोन श्रेणी एकपासून पाचपर्यंत, अर्ध्या-अर्ध्या गुणाने दिलेल्या असतात, त्या कशासाठी? पाच भूभाग म्हणजे खास साधनसामग्री लागेल असे सांगूनच माणसाला आत पाठवले जाते.

बोगद्याच्या मधोमध उभे राहून टॉर्च विझवली की जो अंधार येतो, तो रात्रीच्या जंगलातही मिळत नाही. थोड्या वेळाने आपलाच हात डोळ्यांपुढे हलताना ‘दिसू’ लागतो, म्हणजे मेंदू तो स्वतःच रंगवतो. रात्रीच्या डब्यांसाठी झाडांवर ज्या परावर्तक टाचण्या लावतात त्या बोगद्यात भर दुपारी चालतात. अतिनील टॉर्चखालीच दिसणारी अक्षरेही तशीच. हे सगळे सोडून डबी बाहेर झुडपात ठेवणे म्हणजे लग्नाला जाऊन मांडवाबाहेरून परत येण्यासारखे आहे. जर्मनीत तर अशा ओसाड वास्तूंतील डब्यांना ‘लॉस्ट प्लेस’ असे स्वतंत्र नावच पडले आहे आणि लोक त्यांच्यासाठी दूरदूरहून येतात.

निशाचर

काळोखप्रेमी यांनी जर्मनीचे नाव काढले म्हणून तिथूनच सुरुवात करतो. त्याच जर्मनीच्या निसर्गसंरक्षण कायद्यानुसार, वटवाघळे हिवाळा काढतात अशा गुहा, बोगदे, तळघरे आणि तत्सम जागांत १ ऑक्टोबर ते ३१ मार्च या काळात शिरता येत नाही, आणि अशा ठिकाणच्या डब्या त्या काळात तात्पुरत्या बंद ठेवाव्या लागतात.

कारण साधे आहे. शीतनिद्रेत वटवाघूळ आपल्या शरीराचे तापमान जवळजवळ भोवतालच्या हवेइतके खाली आणते आणि शरद ऋतूत साठवलेल्या थोड्याशा चरबीवर काही महिने काढते. प्रकाशाने, बोलण्याने किंवा माणसांच्या उबेने त्याला जाग आली, तर शरीर पुन्हा तापवण्यात त्या चरबीचा मोठा हिस्सा खर्च होतो आणि बाहेर किडे नसल्याने तो भरून निघत नाही. आपण ‘काही केले नाही, फक्त बघितले’ म्हणून बाहेर पडतो. ते मात्र वसंत येण्याआधी उपाशी मरू शकते.

उत्तर अमेरिकेत याहून वाईट घडले. व्हाइट नोज सिंड्रोम हा बुरशीजन्य रोग तिथे २००६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका गुहेत प्रथम आढळला आणि त्याने पुढे लाखो वटवाघळे मारली. या बुरशीला थंडी मानवते आणि तिचे बीजाणू बुटांच्या तळव्यांना, दोरांना, पाठपिशव्यांना चिकटून एका बोगद्यातून दुसऱ्या बोगद्यात जाऊ शकतात. एका दिवसात चार बोगदे ‘करणारा’ शोधक म्हणजे नेमका असा वाहक. ज्या भागात हा रोग आहे, तिथे वापरलेले कपडे आणि साहित्य निर्जंतुक न करता दुसऱ्या भूमिगत जागेत नेऊ नये, असे तिथले वन्यजीव खाते सांगते.

धागालेखिकेला एकच विचारतो : कोनाड्यांच्या छताला आणि खाली जमिनीवर काय दिसले? काळपट, तांदळाच्या दाण्यांसारख्या लेंड्यांचा सडा असेल, आणि त्या बोटांत चुरल्यावर किड्यांच्या पंखांचे चमकणारे कण दिसत असतील (हातमोजा घालूनच पाहावे), तर त्या कोनाड्याला आधीच भाडेकरू आहे.

ध्रुव४५

वाद डबी आत की बाहेर असा चालला आहे, म्हणून दोन प्रसिद्ध जागांचे उदाहरण देतो.

अमेरिकेतला पेनसिल्व्हेनिया टर्नपाइक हा महामार्ग १ ऑक्टोबर १९४० रोजी खुला झाला तेव्हा त्याने १८८० च्या दशकात अर्धवट सोडून दिलेल्या साउथ पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या बोगद्यांचा उपयोग करून घेतला होता. रस्ता चार पदरी आणि बोगदे दोन पदरी, त्यामुळे मोटारी वाढताच प्रत्येक तोंडाशी रांगा लागू लागल्या. काही डोंगरांत शेजारी दुसरा बोगदा खोदण्यात आला. रेज हिल आणि साइडलिंग हिल या दोघांना मात्र वळसा घालून नवा रस्ता काढला आणि २६ नोव्हेंबर १९६८ रोजी सुमारे एकवीस किलोमीटरचा जुना तुकडा एकदम निकामी झाला. रेज हिल एक किलोमीटरहून थोडा जास्त लांब आहे, साइडलिंग हिल दोन किलोमीटरहून. आज तो तुकडा चालणाऱ्यांचा आणि सायकलवाल्यांचा आहे. तोंडावरच्या इमारतींत हवा खेळवणाऱ्या पंख्यांच्या खोल्या आहेत. अशा खोल्या पाहिल्या की लपवणाऱ्याचे हात शिवशिवतात, पण त्यांच्या जमिनीतच पंख्यांची आणि वाऱ्याच्या मार्गांची उघडी भगदाडे असू शकतात, हे लक्षात ठेवावे.

दुसरे उदाहरण जास्त बोलके आहे. वॉशिंग्टन राज्यात स्नोक्वाल्मी येथे सुमारे ३.६ किलोमीटर लांबीचा, १९१५ मध्ये वाहतूक सुरू झालेला आणि १९८० मध्ये वापरातून गेलेला रेल्वेचा बोगदा आहे. २००१ मध्ये एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी जगभर काही खास डब्या ठेवल्या गेल्या, त्यांतली एक याच्याशी जोडलेली आहे आणि तिचे नाव ‘टनेल ऑफ लाइट’ असे आहे. २०११ मध्ये तो डबा चोरीला गेला, पुढे काही वर्षांनी ती डबी पुन्हा सुरू झाली. शोधक दूरदेशांतून तिथे जातात, थंडगार अंधारात पाऊण-एक तास चालतात, समोरचा प्रकाशाचा ठिपका टाचणीएवढ्याचा दाराएवढा होताना पाहतात, आणि डबी सापडते ती बोगदा संपल्यावर, बाहेरच्या रानात. इतक्या वर्षांत कोणालाही फसवल्यासारखे वाटल्याचे मी ऐकलेले नाही. काळोखप्रेमी यांचा मांडव त्यांना पूर्ण मिळतो. फक्त अक्षता बाहेर ठेवलेल्या असतात. आणि हिवाळ्यात हा बोगदाही बंद असतो, कारण छतावरून लटकणारे बर्फाचे सुळे खाली येतात.

आणखी एक व्यावहारिक फायदा असा, की बाहेर ठेवलेल्या डबीला खरे अक्षांश-रेखांश असतात. नोंद वीस मीटरांनी हुकली तर शोधणारे वीस मीटरांच्या वर्तुळातला एकेक दगड उलटतात. एका जुन्या घाटरस्त्यावर दगडांची कोरडी रचलेली शंभरेक वर्षांची भिंत अशा उत्साहाने दोन महिन्यांत गुडघ्याएवढी झालेली मी पाहिली आहे. डबी भिंतीत नव्हतीच, पलीकडच्या झाडाच्या बुंध्यात होती.

भूस्तर

डबीच नको असेल तर तोही मार्ग आहे. इंग्लंडच्या डर्बिशर परगण्यात माम टोर डोंगराच्या पायथ्याने गेलेला ए६२५ हा रस्ता सरकत्या उतारावर बांधलेला होता. प्रत्येक वेळी खचला की वर नवे डांबर, पुन्हा खचला की पुन्हा डांबर, असे करत शेवटी १९७९ मध्ये तो वाहनांना कायमचा बंद झाला. आज तिथे रस्ता पायऱ्यांसारखा तुटलेला आहे आणि तुटलेल्या कडेत डांबराचे थर एकावर एक मोजता येतात. दुरुस्तीखात्याच्या चिकाटीचा असा उभा छेद दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळेल. अशा जागी अर्थकॅश हा प्रकार चपखल बसतो, कारण त्यात काहीही लपवायचे नसते. शोधकाने जागेवर जाऊन भूशास्त्राच्या प्रश्नांची उत्तरे शोधायची आणि ती अर्थकॅश मांडणाऱ्याला पाठवायची.

कुलूपकिल्ली

परवानगीबद्दल वळणवाट यांनी एका वाक्यात लिहून टाकले, पण इतरांसाठी थोडे विस्ताराने लिहायला हवे. सुटलेला रस्ता बेवारस नसतो. तो महामार्ग खात्याकडे, वन खात्याकडे, रेल्वेकडे किंवा मूळ जमीनमालकाकडे गेलेला असतो, आणि एकाच रस्त्याचा पृष्ठभाग एकाचा, उतार दुसऱ्याचा व बोगदा तिसऱ्याचा, असेही असते. पूर्वी मी एका डबीसाठी पाच महिने पत्रव्यवहार केला आणि शेवटी कळले, की ज्या कार्यालयाने परवानगी दिली त्याच्याकडे त्या जमिनीचा ताबाच नव्हता. डबी काढावी लागली.

दुसरे असे, की सुटलेला रस्ता उद्या असाच राहील याची खात्री नसते. पेनसिल्व्हेनियातच सेंट्रेलिया गावाखालच्या कोळशाच्या खाणीत १९६२ पासून आग धुमसते आहे आणि तिच्यामुळे मार्ग ६१ चा तुकडा १९९३ मध्ये बंद झाला. पुढे तो रंगवलेल्या चित्रांसाठी इतका प्रसिद्ध झाला, की गर्दीला कंटाळून एप्रिल २०२० मध्ये मालकांनी त्याच्यावर मातीचे ढीग ओतले. याउलट ऑरेगनमधले मोझियरचे जुळे बोगदे १९५० च्या दशकात बंद होऊन दगडमातीने भरून टाकले होते, ते २००० मध्ये मोकळे करून पादचाऱ्यांना आणि सायकलींना दिले. जागा कोणत्या बाजूला कलते आहे याची चौकशी मालकाकडे अधूनमधून करत राहावी. आणि डबीवर बाहेरून ‘जिओकॅश’ असे ठळक लिहावे, शक्यतो डबी पारदर्शक असावी. पुलाखाली किंवा बोगद्यात बंद लष्करी डबा दिसला की अनभिज्ञ माणूस बाँब म्हणून पोलिसांना बोलावतो, आणि त्याची चूक नसते.

मंदचाल

या चर्चेत एक बाजू राहून गेली. माझा भाऊ चाकखुर्ची वापरतो आणि आम्ही दोघे मिळून डब्या शोधतो. भूभाग श्रेणी १ याचा अर्थच चाकखुर्चीने पोहोचता येईल असा आहे, आणि अशा डब्या बहुतेक वेळा वाहनतळाच्या कोपऱ्यात किंवा बागेच्या फाटकाशी असतात. डोंगरात, रानात, जिथे पाखरांशिवाय आवाज नाही अशा जागी सपाट, रुंद, सौम्य चढाचा रस्ता आम्हांला मिळतो तो जवळपास फक्त सुटलेल्या महामार्गांवर. मोटारींसाठी चढ सौम्य ठेवलेला असतो, त्याचा लाभ आम्हांला होतो. डबी कोनाड्यात, खांद्याच्या उंचीवर, दगडाआड गेली की चार किलोमीटर आलेला माणूस शेवटच्या दोन हातांवर थांबतो. वळणवाट यांच्या रस्त्यावर झुडपे किती आहेत आणि बोगद्यातली जमीन कशी आहे, हे कळले तर बरे होईल.

वळणवाट

सर्वांचे मनापासून आभार. गेल्या दोन शनिवारी पुन्हा जाऊन आले, म्हणून उत्तराला उशीर झाला.

निशाचर, आपला अंदाज खरा ठरला. चौथ्या आणि पाचव्या कोनाड्यांखाली लेंड्या आहेत. वटवाघळे त्या दिवशी दिसली नाहीत, तरी हिवाळ्यात ती नाहीत असे गृहीत धरणार नाही. त्यामुळे ऑक्टोबर ते मार्च ही मालिका बंद राहील आणि तसे मालिकेच्या वेबपानावर सर्वांत वर लिहीन. डबी बोगद्यात ठेवण्याचा विचार सोडला आहे. ध्रुव४५ यांनी सांगितल्याप्रमाणे ती पलीकडच्या तोंडापासून साठ मीटर पुढे, जुन्या किलोमीटरच्या दगडापाशी, बसल्या उंचीवर हात पोहोचेल अशी ठेवते आहे. तिथे आकाश मोकळे आहे. चार वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नोंदी पाच मीटरांच्या आत आल्या.

मंदचाल, रस्त्याच्या मधली झुडपे खात्याच्या परवानगीने दीड मीटर रुंदीपुरती छाटता येतील, तसे मी विचारले आहे. बोगद्यातली जमीन डांबरी आणि सपाट आहे, परंतु उजव्या भिंतीलगतच्या गटारावरच्या लोखंडी जाळ्या कोणीतरी भंगारात नेल्या आहेत, तेवढी कड सोडून चालावे लागेल. भूभागाला १ द्यावा की १.५, हे आपण दोघांनी येऊन पाहिल्यावरच ठरवीन.

काळोखप्रेमी यांच्यासाठी बोगद्यातला एक टप्पा राखला आहे : चालत जाताना कोनाडे मोजायचे आणि ती संख्या शेवटच्या अंकात मिळवायची. फक्त एक घोळ आहे. मी तीनदा मोजले; एकदा सतरा आले आणि दोनदा अठरा.

चेनेज शून्य

एक कोनाडा बुजवलेला असणार. पाणी झिरपू लागले की तेवढा भाग विटांनी किंवा काँक्रीटने बंद करतात, आणि वरची कमान तेवढी भिंतीत दिसत राहते. कमानी मोजणाऱ्याला अठरा मिळतील, पोकळ्या मोजणाऱ्याला सतरा. दोघेही बरोबर असतील आणि त्यातला एक वहीपर्यंत पोहोचणार नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोनाडे मोजणारा माणूस भिंतीच्या कडेने, टॉर्च भिंतीवर रोखून चालतो आणि पायाखाली पाहत नाही. आपण स्वतःच लिहिले आहे की उजवीकडचे गटार उघडे आहे. हा प्रश्न त्याला थेट त्या गटाराकडे चालवत नेतो.

वळणवाट

आज पुन्हा जाऊन पाहिले. उजवीकडचा सहावा कोनाडा विटांनी बंद केलेला आहे आणि ओलीमुळे विटा भिंतीच्या रंगाच्याच झाल्या आहेत. डावीकडे नऊ आहेत, सगळे उघडे, आणि त्या बाजूला गटार नाही. प्रश्न असा बदलला आहे : ‘जाताना रस्त्याच्या मधल्या रेघेवरून चालत, डाव्या हाताचे कोनाडे मोजा.’ मधल्या रेघेवरून साध्या टॉर्चने नऊही दिसतात, हे दोनदा तपासले.

मंदचाल

पुढच्या रविवारी आम्ही दोघे येतो. भाऊ विचारतो आहे, की वेगमर्यादेच्या पाटीचे बोल्ट मोजायला खांबाच्या मागे जावे लागते की समोरूनच दिसतात?

वळणवाट

समोरून चार दिसतात. मागचे दोन झाडाने गिळले आहेत, ते मोजायचे नाहीत. तसे पानावर आत्ताच लिहिते.